तक्रार नाही, नोंद

तिने दाखला उचलला, काळा चष्मा कपाळावर सरकवून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि जसा होता तसा डॉक्टरांच्या टेबलावर परत ठेवला.

"सही आहे, शिक्का आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्यापासून कामावर ये."

"आजाराचं नाव चुकलंय."

"काय चुकलंय?"

"इथे लिहिलंय, ताप व पुरळ. पुरळ उन्हाळ्यात कोणालाही उठतं. माझी कातडी उतरली."

डॉक्टरांनी पुढच्या माणसासाठी घंटी वाजवली. कोणी आत आलं नाही, कारण दारात तिचा नवरा उभा होता आणि आत जावं की बाहेर, हे न ठरल्यामुळे त्याने सगळं दार अडवलं होतं.

बस आगाराच्या शिवणखात्यात ती एकोणीस वर्षं गाड्यांची आसनं शिवत होती. दाभण म्हणजे जाड रेक्झिनमधून आरपार जाणारी लांब सुई. ती तिच्या हातात कायम असायची आणि जीभही त्याच घडणीची होती, म्हणून आगारात तिचं नावच दाभण पडलं होतं. तोंडावर दाभणताई, पाठीमागे नुसतं दाभण. तिला दोन्ही चालायचं.

"मोठ्या हॉस्पिटलचा कागद तुमच्याकडे दिलाय," ती म्हणाली. "सल्फाच्या गोळ्यांमुळे झालं, असं त्यात लिहिलंय."

"संशयित, असं लिहिलंय. संशयित म्हणजे नक्की नव्हे."

"चोर पकडला तरी आधी त्याला संशयितच म्हणतात."

कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत बसलेल्या सिस्टरने मान आणखी खाली घातली. डॉक्टरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"तुला माझी तक्रार करायची आहे का?"

"तक्रार नाही करत. नोंद मागतेय. कुठली गोळी दिली, तिने काय झालं आणि ती मला पुन्हा कधीही द्यायची नाही, एवढं माझ्या फाइलमध्ये लिहा. उद्या मी कुठे बेशुद्ध पडले तर आगारातून ही फाइलच पुढे जाणार. माझ्या वतीने बोलायला तिथे दुसरं कोणी असेलच असं नाही."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर हा दाखला तुमच्याकडेच राहू द्या. मी बाहेर बसते."

ती उठली. नवऱ्याला दारातून बाजूला व्हायला लावलं आणि बाहेरच्या लांब बाकावर, भिंतीकडच्या टोकाला जाऊन बसली.

चार महिन्यांपूर्वी लघवीला जळजळ होते म्हणून ती याच टेबलासमोर बसली होती. डॉक्टरांनी मोठ्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. आठव्या दिवशी ताप चढला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं आणि पाण्याचा घोट गिळणं जिवावर येऊ लागलं. नवव्या दिवशी छातीवर लाल डाग उमटले, ओठ आतून सोलवटले. ती परत दवाखान्यात आली. रांग दारापर्यंत होती. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच तिच्याकडे पाहिलं, दिवस उष्णतेचे आहेत म्हणाले आणि वर सांगितलं, "गोळ्या मध्येच सोडू नकोस. कोर्स पूर्ण कर."

तिने पूर्ण केला. काम अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

शेवटची गोळी घेतली त्या संध्याकाळी तिला हात वर करवेना. नवऱ्याने तिच्या अंगातला कामाचा अंगरखा काढायला मदत केली, तर बाहीबरोबर दंडाची कातडी निघून आली. तो ती बाही हातात धरून तसाच उभा राहिला. आता ती परत चढवली तर सगळं पूर्वीसारखं होईल, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मोठ्या हॉस्पिटलात तिला जळालेल्या माणसांच्या विभागात ठेवलं. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर आगीतून आलेली माणसं होती. तिला आग कुठेच लागली नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचाच. नवरा धावत घरी जाऊन रिकामं पाकीट घेऊन आला. त्यांनी ते उजेडात धरून नाव वाचलं आणि शेजारच्या नर्सकडे पाहून नुसती मान हलवली. लाखांत एखाद्याला असं होतं, त्या नंतर म्हणाल्या. सव्वीस दिवस ती तिथे होती. तोंड आतून सोललेलं असल्यामुळे पहिले आठ दिवस तिला शब्दही बोलता आला नाही. दाभण आठ दिवस गप्प राहिली यावरूनच दुखणं किती मोठं होतं ते कळतं, असं शिवणखात्यातल्या बायका म्हणायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या.

तिला मात्र डोळे पुसायची सोय उरली नव्हती. डोळ्यांतलं पाणीच आटलं होतं. दर चार तासांनी बाटलीतले थेंब घालावे लागत आणि उजेडात काळ्या चष्म्याशिवाय चालता येत नसे. हातापायांची नखं गळून नवी आली ती लाटालाटांची. नवी कातडी कुठे फिकट, कुठे काळपट होती, जुन्या आसनाला दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतलं रेक्झिन लावावं तशी. आरशासमोर ती फार वेळ थांबत नसे, पण बाह्याही खाली ओढत नसे.

आगाराचा दवाखाना सकाळी दहा ते एक उघडा असायचा. ती पावणेदहाला येऊन बसायची आणि सिस्टर कुलूप लावायला लागली की उठायची. कामावर घ्यायचं तर दाखला हवा आणि खोटा दाखला ती घेणार नाही, हे तिने मुकादमाला जाऊन सांगितलं. मुकादमाने दोन्ही हात वर केले. शिवणखात्यात उसवलेल्या आसनांचा ढीग छताला टेकायला आला होता.

बाकाचं रेक्झिन शिवणीवर फाटून आतला स्पंज बाहेर डोकावत होता. तिसऱ्या दिवशी तिने घरून आपली हत्यारांची पिशवी आणली.

"हे काय चाललंय?" सिस्टरने विचारलं.

"बसायचंच आहे तर बाक तरी धड असू दे."

नव्या नखांखालची बोटं अजून हुळहुळी होती. चार टाके घातले की तिला हात झटकावे लागत. तरी दुपारपर्यंत वीतभर शिवण झाली, सरळ आणि घट्ट. तिने तिच्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि पिशवी बंद केली.

रांगेतली माणसं विचारायची, दाभणताई, इथे कशाला? ती सांगायची. आवाज चढवायची नाही, टाके घालता घालता सांगायची. बाही वर करून दंडही दाखवायची. ऐकणारा आपल्या खिशातल्या गोळ्या काढून उलटसुलट करून पाहू लागायचा. मग आत जाऊन डॉक्टरांना विचारायचा, या गोळीचं पूर्ण नाव काय? यात सल्फा आहे का? अंगावर काही उठलं तर घ्यायची की थांबवायची? एका महिला कंडक्टरने खोकल्याच्या औषधाची बाटली परत आत नेऊन लेबलवरची बारीक अक्षरं डॉक्टरांकडून मोठ्याने वाचून घेतली. जिथे माणूस दोन मिनिटांत बाहेर पडायचा तिथे दहा मिनिटं लागू लागली.

"तुमच्यापायी मला जेवायला अडीच वाजतात," सिस्टर पाचव्या दिवशी म्हणाली. तिच्या आवाजात राग फारसा नव्हता.

"मग फाइल आणा. मीच लिहिते."

"तुमच्या अक्षराला काय किंमत?"

"म्हणून तर बसलेय."

सहाव्या दिवशी डॉक्टर स्वतः फाइल घेऊन बाहेर आले. ते या दवाखान्यात सव्वीस वर्षं होते आणि चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. आगारातल्या निम्म्या लोकांची बाळंतपणं, बापांचे दमे, पोरांची हाडं त्यांनी निस्तरली होती. तिच्या सासऱ्यांना शेवटच्या दिवसांत ते न बोलावता घरी येऊन पाहून जायचे. हे ती विसरली नव्हती. विसरली असती तर बसणं सोपं गेलं असतं.

"हे बघ," ते म्हणाले आणि पान तिच्यासमोर धरलं. "पहिल्या दिवशीच मी तुला विचारलं होतं. कुठल्या औषधाचा त्रास होतो का? तू नाही म्हणालीस. माझ्या अक्षरात आहे. नाही."

तिने चष्मा वर करून वाचलं.

"बरोबर आहे. विचारलं होतं. मला माहीत नव्हतं म्हणून नाही म्हणाले. ते तसंच राहू द्या."

"मग?"

"मग त्याच्या खालचं लिहा. मी परत आले त्या दिवसाचं."

"सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नाही."

तिने बाही कोपराच्या वर सरकवली आणि दंड समोर धरला. डॉक्टर फाइल मिटून आत गेले. त्या दिवशी त्यांनी घंटी बराच वेळ वाजवली नाही.

घरीही तिची बाजू कोणी घेत नव्हतं.

"आगारात लोक मला विचारतात, बायकोची बदली कुठे झाली," नवरा म्हणाला. तो त्याच आगारात गाडी चालवायचा. "दुसरा माझ्या वतीने उत्तर देतो, दवाखान्यात. सगळे हसतात. घे ना तो कागद. काय लिहिलंय ते कोण वाचतंय?"

"कोणी वाचत नाही तर त्यांना खरं लिहायला काय जातंय?"

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

हॉस्पिटलातून आल्यापासून तिची आई त्यांच्याकडे राहत होती. दिवसातून चार वेळा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन तीच डोळ्यांत थेंब घालायची. इतक्या हलक्या हाताने, की थेंब पडल्याचं पापणीला कळायचं नाही. या बाबतीत मात्र आई नवऱ्यापेक्षाही हट्टाला पेटली होती.

"सोडून दे," ती रोज म्हणायची. "जीव वाचला ना? मेलं ते गोळ्यांचं नाव. कशाला उकरून काढतेस?"

"आणि मी गेले असते तर? तर नोंद कोणी मागितली असती? तुम्ही दोघांनी?"

नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आईने बाटलीचं टोपण फिरवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा फिरवलं.

दहाव्या दिवशी आगारातले सर्वांत जुने ड्रायव्हर, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत, तोंडावर रुमाल धरून दवाखान्यात आले. पायावरच्या गळवासाठी त्यांना चार दिवसांपासून गोळ्या चालू होत्या. आता तोंड आलं होतं, काही खाववत नव्हतं. ते रांगेच्या शेवटी उभे राहिले. दाभणने टाका अर्धा सोडला.

"मामा, तोंड उघडा. इकडे, उजेडाकडे."

टाळ्यावर लाल चट्टे होते, एका ठिकाणी कातडं निघालेलं.

"डोळे चुरचुरतात?"

"या वयात सगळंच चुरचुरतं."

"आत जा. रांगेत थांबू नका."

रांग काही न विचारता भिंतीला चिकटली. दाभण मामांच्या पाठोपाठ दारापर्यंत गेली. डॉक्टरांनी मामांचं तोंड पाहिलं, मग मान उचलून दारात तिच्याकडे पाहिलं. त्यांनी मामांच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, उरलेल्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, सदरा वर करायला लावून छाती पाहिली, पाठ पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या. मग बूट-मोजे काढायला सांगितले आणि स्वतः जमिनीवर गुडघे टेकून मामांचे तळवे एकेक करून निरखले. मामांना इतका संकोच झाला की ते पाय ओढून घ्यायला लागले.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले.

त्यांनीच फोन करून गाडी मागवली. चिठ्ठीवर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पंधरा मिनिटांत मामांना मोठ्या हॉस्पिटलकडे रवाना केलं.

संध्याकाळच्या बसने मामा परत आले. त्यांची पंधरवड्यापूर्वी बसवलेली नवी कवळी टाळ्याला घासत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ती काढून त्यांच्या हातात ठेवली होती आणि दातांच्या डॉक्टरकडून कड घासून आणा म्हणाल्या होत्या. आगारात त्या संध्याकाळी हसून हसून लोकांच्या पोटात दुखलं. एका ड्रायव्हरने गाडीच्या काचेवर बोटाने कवळी काढली आणि खाली लिहिलं, संशयित.

अकराव्या दिवशी ती आली तेव्हा दवाखान्याचं दार उघडं होतं आणि बाकावर अजून कोणी नव्हतं. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. घंटी न वाजवता, नावाने.

"कवळी निघाली," ते म्हणाले.

"ऐकलं."

"लोक मला हसतायत."

"मलाही हसतायत. हसू द्या." ती खुर्चीत बसली. "मामांचे तळवे तुम्ही गुडघ्यांवर बसून पाहिलेत. मला टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं."

"रांग होती त्या दिवशी."

"कालही होती."

डॉक्टरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग त्यांनी फाइल ओढून घेतली आणि लिहायला लागले. ती समोरून, उलटी अक्षरं वाचत होती. गोळीचं नाव. किती दिवस. कितव्या दिवशी काय झालं. हॉस्पिटलात किती दिवस. खाली जाड अक्षरांत, ही औषधे पुन्हा कधीही देऊ नयेत. त्यांनी पेन उचललं.

"कोर्स पूर्ण कर म्हणालात, ते राहिलं."

डॉक्टरांनी आणखी एक ओळ लिहिली आणि फाइल तिच्याकडे फिरवली. डाग व तोंडातील व्रण दिसल्यानंतरही औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला गेला.

"दिला गेला?" ती म्हणाली. "कोणी?"

सिस्टरच्या हातातली पट्टी थांबली. डॉक्टरांनी फाइल परत फिरवली, दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, मी दिला. सही केली. तारीख टाकली. मग चष्मा काढून ते डोळे चोळत राहिले. ती उठेपर्यंत त्यांनी तो परत लावला नाही.

त्या पानाची झेरॉक्स घेऊन ती घरी आली. चालताना नाही म्हटलं तरी तिची पावलं जरा जोरात पडत होती. नवरा ड्यूटीवरून येऊन चहा पीत होता, आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिने उभ्यानेच सगळं पान वाचून दाखवलं. 'मी दिला' हे शब्द दोनदा वाचले.

"जिंकलीस म्हणायचं," नवरा म्हणाला. त्याच्याही आवाजात आता अभिमान लपत नव्हता.

आईच्या हातातली घडी अर्ध्यात राहिली होती.

"ते वरचं पुन्हा वाच," आई म्हणाली. "त्यांनी तुला विचारलं होतं, ते."

"पूर्वी कुठल्याही औषधाचा त्रास, नाही."

आईने घडी मोडली आणि कपडा मांडीवर पसरून दोन्ही हातांनी सपाट करत राहिली.

"सहा वर्षांची होतीस," ती म्हणाली. "कान फुटला होता तुझा, रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. तुझ्या दादाच्या दुखण्यातली औषधाची बाटली कपाटात उरली होती. मी कोणाला न विचारता तुला त्यातलं दिलं. तीन दिवस. अंगभर लाल लाल उठलं, ओठ हे एवढे झाले. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, या औषधाने झालंय, हिला जन्मात पुन्हा देऊ नका. चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, सल्फा, म्हणाले, हा कागद जपा."

"कुठे आहे कागद?"

"फाडला. सासूबाईंना कळलं असतं, मी आपल्या मनाने औषध दिलं, तर त्यांनी मला घरात ठेवलं नसतं. ऊन बाधलं म्हणून सांगितलं सगळ्यांना." आई थांबली. "मग तू बरी झालीस. मग मी विसरले. खरंच विसरले. हॉस्पिटलात तुला पाहिलं तेव्हा आठवलं. त्या डॉक्टरणीने मला बाजूला घेऊन विचारलं, पूर्वी असं कधी झालं होतं का? आणि माझ्या तोंडून नाही निघालं. एकदा नाही निघालं की मग..."

आईने मांडीवरच्या कपड्याची सुरकुती पुन्हा ओढून सपाट केली.

"गोळ्या चालू आहेत, मी फोनवर म्हणाले होते," दाभण म्हणाली.

"म्हणाली होतीस. कुठल्या, ते मी विचारलं नाही."

दाभणने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भांडी घासायला घेतली. साबणाने बोटं झोंबत होती. तिने हातमोजे घातले नाहीत. नवरा आत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला,

"हे आता इथेच राहू दे. बाहेर गेलं तर डॉक्टर सुटला. तुझे अकरा दिवस पाण्यात."

तिने नळ आणखी मोठा सोडला.

संध्याकाळी थेंबांची वेळ झाली तेव्हा आई नेहमीसारखी पलंगाच्या कडेला, मांडी रिकामी ठेवून बसली होती. दाभणने बाटली उचलली, आरशासमोर गेली आणि स्वतःच डोळ्यांत थेंब घालायला लागली. हात नेमका धरता येईना. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावरून ओघळला. बऱ्याच खटपटीनंतर एक डोळ्यात गेला. आई सगळा वेळ तिथेच बसून होती.

सकाळी तिने पिशवी घेतली, चष्मा लावला आणि दार उघडलं. आई पायात चपला घालून बाहेर पायरीवर उभी होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुवट कपडे.

"मी तुला चल म्हटलेलं नाही," दाभण म्हणाली.

"तू कशाला म्हणशील?"

आगार तिथून वीस मिनिटांवर होतं. आईच्या चालीने अर्धा तास लागला. वाटेत एका चढावर आईला दम लागला तेव्हा दाभण थांबली. हात पुढे केला नाही, पण पुढेही गेली नाही. फाटकातून आत शिरताना एक मेकॅनिक ओरडला, "दाभणताई, आता दोघी बसणार की काय?" तिने त्याच्याकडे पाहिलं तसा तो गाडीखाली गेला.

डॉक्टरांनी त्यांना खुर्च्या दिल्या. आईने जे काल सांगितलं होतं ते सगळं सांगितलं; कान, बाटली, चिठ्ठी, हॉस्पिटलातलं नाही. आवाज लहान होता पण शब्द गाळले नाहीत. सिस्टर उठून हळूच दार लोटून आली. डॉक्टरांनी फाइल उघडली. कालच्या ओळींवर, 'मी दिला'वर, त्यांची नजर थांबली.

"कालची ओळ खोडायची नाही," दाभण म्हणाली.

"नाही खोडत."

"आईने चिठ्ठी फाडली, ती तिची चूक. मी परत आले त्या दिवशी तुम्ही मला पलीकडूनच पाहिलंत, ती तुमची."

"हो," डॉक्टर म्हणाले. "ती ओळ माझी आहे. ती तशीच राहील."

मग त्यांनी आईकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि फाइल हळूच मिटली.

"हे लिहायची काही गरज नाही, आजी," ते म्हणाले. "औषधाचं नाव फाइलमध्ये आहे, तेवढं पुरेसं आहे. जुन्या गोष्टी आहेत. तुमचं वय झालं. घरी जा."

दाभणने तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. तिने पुढे वाकून मिटलेल्या फाइलवर हात ठेवला आणि ती डॉक्टरांच्या बाजूला सरकवली.

"तिला अकरा दिवस बसवलंत," ती म्हणाली. "मला किती दिवस बसवणार?"